रिकाम्या स्टँडमधल्या टाळ्या

बुसैतीन, शुक्रवार संध्याकाळ

त्या टाळ्या कानातून जात नाहीत. वाजवल्या मीच, लॅपटॉपवरून; मैदानाचे स्पीकर माझ्याकडेच असतात.

आमचा लॅक्रोस संघ व्यावसायिक, म्हणजे खेळाडूंना पगार आहे, प्रेक्षक नाहीत. जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा हा खेळ बहारीनमध्ये बघणार कोण? संघ ठेवायचा की बंद करायचा, हे मालक आज गर्दी बघून ठरवणार होते. म्हणून आमच्या मॅनेजरनी, रत्नागिरीच्या हमीदभाईंनी, अस्करच्या लेबर कॅम्पातून कामगारांची बस भरून आणली. पण बिर्याणी वाटली दारातच! मध्यंतराला सगळे उठले.

"अहो हमीदभाई, थांबवा की त्यांना!"

"कसा थांबवू? शिफ्ट आहे त्यांची. बिर्याणी खलास, मॅच खलास."

बसमागोमाग मालकांची गाडीही गेली. संघाचं काय होणार, ते सांगायला कोणी उरलं नाही.

मग मी गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज का लावला? फसवायलाही कोणी नव्हतं. तेवढ्यात आमचा कप्तान केदार, पुण्याचा पोरगा, गोल करून रिकाम्या स्टँडसमोर काठी उंचावून उभा राहिला. मला लाज वाटली. आवाज बंद करायला गेलो, तर तो धावत आला.

"काका, राहू द्या. आम्हाला कळतं सगळं. पण बंद नका करू."

सामना संपला, खेळाडू गेले, तरी आवाज बंद करायला माझं बोट बटणाकडे जाईना. वेडेपणाच, दुसरं काय?

आत्ता घरी हिने फोडणी दिली. मोहरी तडतडली आणि क्षणभर वाटलं, माणसं आली.