गौतमाबाईंचा चष्मा

सोमवार, रात्र

विज्ञान शिकवते मी, आणि घरी येऊन तास झाला तरी हात गारच आहेत.

सक्करदऱ्याच्या आमच्या छोट्या कॉलेजात सगळ्या विद्यार्थिनी पन्नाशीच्या पुढच्या. कुणीतरी चष्मा घरी विसरतंच, म्हणून गौतमाबाईंचा चष्मा वर्गाच्या खिडकीत असतो. बी.ए.च्या शेवटच्या पेपराआधीच त्या गेल्या. सुनेनं चष्मा वर्गाला दिला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज कुलूप मीच उघडलं. कुसुमताईंनी तो चष्मा लावला आणि लगेच काढला.

"मॅडम, हा त गरम आहे! कोन वाचून राहिलं होतं?"

"उन्हानं तापला असेल," मी खेकसलेच. पण खिडकी पूर्वेची आणि वर्ग संध्याकाळचा. कशाचं ऊन? हातात घेऊन पाहिला. काड्या गरम होत्या, नुकत्याच कुणाच्या कानांवरून उतरवल्यासारख्या.

"पेपर राह्यला न तिचा," कुसुमताई हळूच म्हणाल्या.

वर्ग सुटल्यावर चष्मा मी खिडकीत ठेवला नाही. पुस्तक उघडून त्यावर ठेवला. आणि दिवे बंद करा म्हणून रोज सगळ्यांवर ओरडणारी मी, आज दिवा चालू ठेवूनच कुलूप लावलं.