वेड्या ठरवलेल्या बायकांची पुस्तकं

३ जुलै, गुरुवार
लायब्ररीत सकाळपासून चार माणसं. त्यातलं एक पंख्याखाली बसायला आलेलं. अकराला मानसी आली. नवरा ऑफिसला गेला की वाघोलीहून दोन बस बदलून मंडईत येते, दर गुरुवारी. पुन्हा तसलंच पुस्तक नेलं: घाबरलेली, गोळ्या खाणारी बाई, तिनं काहीतरी पाहिलंय आणि घरात कुणी खरं मानत नाही. विचारलं, हे वाचून झोप कशी लागते? हसली नाही.
"काकू, यात शेवटी बाई म्हणत असते तेच खरं निघतं."

७ जुलै, सोमवार
तिनं परत केलेलं एक मीही घेतलं. पंचावन्नाव्या वर्षी, भर दुपारी, दार लावून. नायिका पिते, खोटं बोलते, नको ते करते. मी तिच्यावर चिडते आणि पान उलटते. मधेच समासात पेन्सिलीनं बारीक: 'मलाही असंच सांगतात.' अक्षर मानसीचं. एरवी समासात लिहिणाऱ्यांना मी सोडत नाही. पुसलं नाही.

१० जुलै, गुरुवार
मानसीला विचारलंच. मूळची यवतमाळची, लग्नाला दोन वर्षं, घरात दोघंच. म्हणे वस्तू जागच्या हलतात. बंद केलेला गॅस चालू सापडतो. नवरा म्हणतो, तूच विसरतेस. रोज सकाळी एक गोळी स्वतःच्या हातानं देतो. डॉक्टर तिनं पाहिलेलाच नाही.
"मीच विसरत असेन, काकू." दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा मला विचारल्यासारखं.
मी म्हणाले, बघू. काय बघू? इतकी पुस्तकं वाचून एवढंच सुचलं.

१४ जुलै, सोमवार
तिचा नवरा आला. पुस्तकावरचा शिक्का पाहून पत्ता काढला म्हणे. कडक इस्त्री, मऊ आवाज. "आपण मोठ्या आहात म्हणून सांगतो." तिची तब्येत बरी नसते, या पुस्तकांनी डोक्यात काहीबाही येतं, देऊ नका. मग सहज विचारावं तसं: साधारण कुठल्या वारी येते?
मी म्हणाले, गुरुवारी.
तो आभार मानून जिना उतरला तेव्हा कळलं. त्याला माहीत नव्हतं.

१७ जुलै, गुरुवार
आली नाही. फोन बंद. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर. घरी ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "तू त्या पुस्तकांत शिरलीयेस. नवरा-बायकोचं बाहेरच्याला कळत नसतं." असेलही. ती खरंच आजारी असेल, तो खरंच काळजीत असेल. पुस्तक असतं तर शेवटचं पान आधी वाचलं असतं. इथे...

२१ जुलै, सोमवार
दु. तीनला फोन, अनोळखी नंबर. मानसी, शेजारणीच्या मोबाईलवरून. तिचा फोन तो बरोबर नेतो आता.
"काकू, तुम्ही सांगितलंत का त्यांना?"
हो म्हटलं. चूक झाली म्हटलं. मग तिनं हळू सांगितलं: चार दिवस गोळी गालात धरून नंतर थुंकतेय. चार दिवसांत काही जागचं हललेलं नाही.
म्हणजे गोळीनंच विसरत होती? की तो सावध झालाय? तिलाही सांगता येईना. उद्या येते, तयार राहा म्हटलं.

२२ जुलै, मंगळवार
वाघोलीला गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सकाळीच दोघं बॅगा घेऊन गेले, तिच्या माहेरी म्हणून. मानसी काही बोलली का? नाही. "लिफ्ट येईपर्यंत माझ्याकडे बघत होती, एवढंच."
तशीच पोलीस चौकीत गेले. तिथल्या बाईंनी नीट ऐकलं, लिहूनही घेतलं. मग विचारलं, "तुम्ही स्वतः काय पाहिलंत?"
काहीच नाही. हलकेच पेन खाली ठेवलं त्यांनी. माझा आवाज चढला होता; कशी दिसत असेन ते मला कळत होतं. उठले नाही. शेवटी म्हणाल्या, यवतमाळला माहेरी चौकशी करून कळवते.
आता सात वाजलेत. फोन पुढ्यात आहे. हे दोनदा येऊन दारात उभे राहिले. आत्ता विचारलं, "आला का गं फोन?"