तीन दिव्यांच्या तारेवर भोंगा

वाशीम, माघ वद्य पंचमी, शके १८६७

राजश्री रामरावजींच्या सेवेशी, मारोतरावाचा रामराम.

आपला गुडघा कसा आहे? त्यापायी आपल्याला बारशाला येता आलं नाही, याची हळहळ वाटली. निर्गुडीचा शेक सोडू नये. इकडे सर्व खुशाल.

बारशाची हकीकत अशी. शेजारच्या कापसाच्या जिनिंगच्या डायनामोवरून आमच्या घरी वीज आली आहे, तीन दिव्यांपुरती. पण नातवाचं बारसं म्हणून मी अंगणात आणखी दहा दिवे टांगले, आणि अकोल्याच्या फुलसिंग दुकानदाराकडून गाण्याचं मशीन भाड्यानं आणवलं, भोंग्यासकट. (भोंग्यात आमची मांजर पिलांसह मावली असती.) जिनिंगचे नानाजी मिस्त्री म्हणाले, "मारोतराव, तार तीन दिव्यांची हाय. तिले इतका भार झेपत नाही." मी म्हणालो, "वीज काय तारेत मोजून बसते?"

पहिल्याच गाण्याला अंधार झाला. फ्यूजची बारीक तार वितळली होती. मिस्त्रींनी नवी घातली, तीही गेली. "ते जळते म्हणून घर वाचते," असं सांगून ते जेवायला बसले. तेवढ्यात मी तिथं जाड तांब्याची तार गुंडाळली. (मेन बटन बंद करून. तेवढी अक्कल मला आहे.) मग गाणं असं लागलं की इथल्या जवळच्या मालेगावचे पाहुणे एका हातानं कान झाकून दुसऱ्या हातानं बुंदी खात होते.

अर्ध्या घटकेत माजघरात जळका वास सुटला. भिंतीवरच्या ज्या लाकडी पट्टीवरून तार जाते ती धुमसत होती, आणि खाली पाळण्यात बाळ. मी पाण्याची बादली घेऊन धावलो. आपल्या भगिनी चतुराबाईंनी ती हिसकावली. "विजेवर पानी टाकता काय?" (मिस्त्रींचं सारं बोलणं तिनंच नीट ऐकलं होतं.) कोरड्या लाटण्यानं तिनं मेन बटन खाली पाडलं, मग बाळाला उचललं. बाळ झोपेतच होतं. मी मात्र उंबऱ्यावर बसलो.

आता मिस्त्रींनी खांबापासून नवी जाड तार ओढली आहे, पुढं कधी भोंगा लागला तर त्याचा फ्यूजही वेगळा. लहानांना आशीर्वाद, आणि मजवरची माया पातळ होऊ नये.

आपला,
मारोतराव

ता. क. : चतुराबाई परवा तिकडे पोचलीच असेल. सहज आले असं ती म्हणेल. ते खरं नाही.

आणखी ता. क. : बटन मी पाडलं, असं मी पाहुण्यांना सांगितलं. ती मागंच उभी होती. "तुमीच सांभाळा मंग घर," एवढंच बोलली आणि गाडी जुंपायला लावली. काल मी घरोघर फिरून खरं काय ते सांगून आलो, मालेगावपर्यंत. आपलं घर राहिलं होतं. हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि गाडी कधी पाठवू ते विचारावं.