डाव्या कानाचं तेल

७ जानेवारी, मंगळवार

कोतवाल पडला! मी मेथी उपटत होते. तो बांधावरून माझ्याकडे निघाला अन् दारू प्यायल्यासारखा डावीकडे कलंडला. उठला, पुन्हा कलंडला. मान वाकडी, बुबुळं सारखी इकडून तिकडे. चौदा वर्षांचा कुत्रा. इतकी वर्षं रानडुकरांनी आमच्या वांग्यांत पाय टाकला नाही तो याच्याच धाकानं.

जगदेव धावत आले. (नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, वहीत लिहिते. वही कोणाला सांगायला जाते!) म्हणाले, "काई चावलं त नसंन याले?"

आठ दिवसांपासून तो डावा कान खाजवत होता. मी दोनदा माझं तेल टाकलं होतं त्यात.

८ जानेवारी

कोतवालाला भाजीच्या कॅरेटमध्ये बसवून ऑटोनं कारंजाला नेलं. जनावरांची डॉक्टर वैभवी म्हणजे माझ्या नातीएवढी पोर, पण हात मायेचा. कानात बॅटरी मारून पाहिलं. "आत सगळं बुजलंय, पडदा दिसत नाही. आजी, कानात काही टाकलं होतं का?"

"नाही."

"ओलसर लागतोय."

"आंघोळ घातली होती."

या थंडीत! कुत्र्याला! जगदेवांनी माझ्याकडे एकवार पाहिलं.

डॉक्टर म्हणाली, "आंघोळीचंच पाणी असेल, तर मग हे कानापेक्षा मेंदूचंच वाटतंय. या वयात त्याला फारसा इलाज नाही. चार-पाच दिवस बघा. अन्नपाणी सोडलं तर त्याला त्रासात ठेवू नका, घेऊन या."

घेऊन या म्हणजे काय ते मला समजलं.

९ जानेवारी

खोटं काहून बोलले? स्वतःलाच विचारते.

माझ्या तेलाला गावात 'पंचफुलाबाईचं तेल' म्हणतात. जवसाच्या तेलात लसूण अन् ओवा करपवायचा, गाळायचा, कोमट दोन थेंब. शाळा माझी दुसरीपर्यंत, अक्षरं पक्की झाली ती बियाण्याच्या पाकिटांवर. मान मिळाला तो या शिशीनं. लग्नाच्या साली जगदेवांचा डावा कान ठणकत होता, माणूस गडबडा लोळत होता. तेल टाकलं, सकाळी ठणका बंद! तेव्हापासून माझ्या हाताला यश आहे म्हणतात. चाळीस वर्षांत किती लेकरं मांडीवर आडवी केली, मोजदाद नाही. (पुढे मळणीच्या थ्रेशरच्या आवाजानं जगदेवांचा तोच कान गेला, ती गोष्ट वेगळी.)

आता पोरसवदा डॉक्टरणीपुढे कसं म्हणू, की माझ्याच तेलानं...

१० जानेवारी

दूधही घेतलं नाही.

११ जानेवारी

हात जळो माझा. जगदेव वांग्यांना पाणी द्यायला गेले अन् मी पुन्हा तेल टाकलं. वाटलं, दोनदा कमी पडलं असेल, तिसऱ्यांदा लागू पडेल. कोतवाल असा किंचाळला! लोळत लोळत भिंतीशी गेला, भडाभडा ओकला. उचलायला गेले तर मनगटाला दात लावला. ज्यानं चौदा वर्षांत माझ्यावर कधी गुरगुर केली नाही, त्यानं! रक्त नाही निघालं. निघालं असतं तर थोडं बरं वाटलं असतं.

१३ जानेवारी, सोमवार

पुन्हा कारंजा. जगदेव सोबत होते, तरी सांगून टाकलं. तीन वेळा तेल, आंघोळ खोटी, सगळं.

वाटलं होतं, डॉक्टर झापेल. ती तर उठूनच उभी राहिली. "म्हणजे मेंदू नाही, कानच असणार! शरीराचा तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या आतच असतं, आजी. पडदा फुटलेला असला की तेल थेट तिथं जातं." तिनं हळूहळू कान साफ केला, पडदा फुटलेलाच निघाला. गोळ्या दिल्या, उलटीची वेगळी. "मी सांगेपर्यंत कानात थेंबभरही काही टाकायचं नाही."

तरी माझी खोड! म्हटलं, "पण माणसाचा ठणका त थांबते ना बाई तेलानं!"

"पडदा फुटला की ठणका थांबतोच. आत कोंडलेल्या पुवाला वाट मिळते. लोकांना वाटतं, औषध लागू पडलं."

जगदेव भिंतीवरचं गाईचं चित्र बघत बसले होते.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला बाया आल्या. गल्लीतली रेणू तिच्या लेकीला, संस्कृतीला, घेऊन. पोरीचा कान दुखतो.

"आजीबाई, दोन थेंब टाका ना वो."

"कानाच्या डॉक्टरले दाखव. म्या आता टाकत नाई."

सगळ्या बाया थबकल्या. एक म्हणाली, "काहून वो, तेल महाग झालं काय?" दुसरी म्हणे, "तिळगूळ घ्या, पण तेल मागू नका!" खूप हसल्या. रेणू वाण न घेताच गेली.

मांडीवरची लेकरं एकेक आठवत बसले. कोणाला कमी ऐकू येतं? कोणाला?

१७ जानेवारी

जगदेव कोतवालाच्या पोटाखालून दुपट्टा घालतात, दोन्ही टोकं वर धरतात अन् त्याला चालवतात. पाय घसरू नये म्हणून मी अंगणभर बारदाना अंथरला. ताकात कुस्करलेली भाकर माझ्या हातानं खाल्ली! त्याच हातानं.

२४ जानेवारी

दुपट्ट्याशिवाय बांधापर्यंत गेला! मान थोडी वाकडीच राहील, डॉक्टर म्हणते. शेजारचे पंजाबराव म्हणाले, "कोतवाल आता तिरपा पाह्यते, सायेबच झाला!" संस्कृतीला रेणूनं कानाच्या डॉक्टरकडे दाखवलं. सांगायला आली, पण ओट्यावर चढली नाही.

२६ जानेवारी, रविवार

बांधावर मुद्दाम जगदेवांच्या डाव्या बाजूला बसले. विचारलं, "तुमचा कान मायाच तेलानं गेला काय?" ऐकू गेलं नाही. उठून उजवीकडे गेले, पुन्हा विचारलं.

जगदेव कोतवालाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "थ्रेशर त आपल्या घरी कान गेल्यावर चार वर्सानं आला वो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"गाव म्हणे तुया हाताले यश आहे. म्या कायले मोडू?"

जेवताना, बैलबंडीत, लग्नाच्या पंगतीत हे मला कायम उजव्या हाताला बसवतात. इतकी वर्षं मला वाटायचं, मान देतात.