आठ पत्ते आणि सोळा बटणं

नान्ना, सतरा जुलै, शुक्रवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. कॉन्व्हेंट शाळेच्या व्हरांड्यातल्या घड्याळात मी पाहिलं होतं, म्हणून नक्की सांगते. तुम्ही तुमचा एकुलता एक पांढरा शर्ट घालून, चपला पायरीखाली काढून सिस्टरसमोर उभे होतात. मी अकरा वर्षांची. तुम्ही म्हणालात, "माज्या पोरीचं नाव गाण्याच्या वर्गातून काडा. गाण्यानं मोजायला चुकती ही." सिस्टरना तुमचं तेलुगू वळणाचं मराठी कळेना आणि त्यांचं इंग्रजी तुम्हाला. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला गाण्यातून काढा, हे मलाच इंग्रजीत सांगावं लागलं. एकही चूक न करता सांगितलं. सिस्टरनी वहीत रेघ मारली, तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेलात आणि मी तो झटकला. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, पण ते वाक्य आठवलं की माझं डोकं अजून तापतं. मोजायला मी कधी चुकले?

आज हे उकरून काढायचं कारण एक मशीन आहे. गेल्या वर्षी मला कानात यंत्र बसवलं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं हेडफोन लावून बसले, त्याचं हे बक्षीस. त्यातून बोललेलं कळतं. पण गाणं ऐकायला जावं तर पेटी पत्र्यासारखी वाजते आणि गाणारी बाई नळावर भांडत असल्यासारखी वाटते. स्वच्छ पोहोचतं ते फक्त विजेवर बनवलेलं कोरडं संगीत, टिक, ठक, टिक. ते शेजारच्या मुलीच्या खिडकीतून यायचं. मी तक्रार करायला गेले आणि तासभर तिथंच बसून राहिले. ती म्हणाली, ह्याला सीक्वेन्सर म्हणतात, आजी. कुठल्या ठोक्याला काय वाजायचं ते आपण आधी लावून ठेवायचं, मग मशीन तेच फिरवत राहतं. मला तसं एक हवं झालं. ह्या वयात. हसायचं तर हसा.

वाद्यांच्या दुकानात गेले. मालक पन्नाशीचा, ढोलांच्या मध्ये बसलेला.

"नातवाला का, मॅडम?"

"नातू नाही मला. मलाच पाहिजे."

"तुमाला?"

"का? बटणांवर वयाची अट लिहिलीय?"

तो हसला. "तसं न्हाय हो. मग हे घ्या की. पडदा हाय, ताल तयार भरल्यात. लेझीम हाय, गरबा हाय, बोट लावलं की सुरू. ते दुसरं लई रिकामं हाय."

"रिकामं म्हणजे?"

"सोळा बटणं एका ओळीत. दाबलं तितं वाजतं, न्हाय दाबलं तितं गप. सगळं आपणच भरायचं. पयल्यांदा घेणारा वैतागतो की."

मी स्टुलावर बसले. दाबलं तिथं वाजतं, नाही दाबलं तिथं गप. हे मला कुणी पहिल्यांदा सांगत नव्हतं. रिकामंच बांधून द्या म्हटलं. तो म्हणाला, "बगा हं. शनवारी सहाला शटर वडतो. त्याच्या आत आणलं तर बदलून देतो. पावती मात्र जपा."

चादरीच्या कारखान्यातली तुमची पत्ते मारायची खोली मला आजही दिसते. शाळा सुटून मी आले आहे, दप्तर दाराशी टाकलं आहे. चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर रंगवलेली, आणि तिच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचा एकेक पत्ता. भोक असेल तिथं मागाचा धागा वर उचलणार, नसेल तिथं खाली राहणार. पत्त्यांना भोकं मारायच्या त्या मशीनला कारखान्यात सगळे पियानो म्हणायचे, कारण तिला बोटांखाली पट्ट्या होत्या आणि पायाखाली पावडी. शाळेतला पियानो मला शिवू देत नसत, म्हणून हा मला फार मोठा वाटायचा. तुमच्या डोळ्यांना बारीक चौकटी दिसेनाशा झाल्या होत्या. हे मालकाला माहीत नव्हतं, अम्मालाही नाही. मला माहीत होतं. म्हणून मी वाचायची, "एक, सोड, सोड, एक," आणि 'एक'ला तुम्ही भोक मारायचात. त्या दिवशी मोराची चादर होती, मानेपर्यंत आलो होतो. मी वाचता वाचता चालीवर म्हणायला लागले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पाडकू. लेक्कपेट्टू." गाऊ नको, मोज. मी आवाज खाली आणला.

चादरी विणून झाल्यावर कळलं. मोराची मान वळायच्या ऐवजी काठीसारखी सरळ उभी होती. आठ पत्ते एकसारखे. मालकानं विचारलं, कुणी वाचलं? तुम्ही म्हणालात, मीच वाचलं, मीच मारलं. माझं नाव सांगितलं असतं तर तुमच्या डोळ्यांचं गुपित उघडं पडलं असतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आले. तसं ते पडलंच. तुम्हाला त्या खोलीतून काढून रंगाच्या हौदावर उभं केलं, आणि निवृत्त होईपर्यंत तुम्ही तिथंच राहिलात. पहिल्या संध्याकाळी तुम्ही कोपरापर्यंत निळे हात घेऊन स्वयंपाकघरात आलात. अम्मा भाकरी थापता थापता थांबली. तिनं लिंबू कापून दिलं, तुम्ही मोरीवर बसून हात घासत राहिलात, रंग जाईना. म्हणालात, "जेवण आतडं बघतं, रंग नाही बघत." तुम्ही हसलात, अम्मा हसली नाही. मी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. त्याच आठवड्यात तुम्ही शाळेत आलात.

आता मशीन टेबलावर आहे. तीन दिवस झाले. सोळा बटणं, दाबलं की लाल दिवा. काहीही नवं लावायला बसले तरी बोटं एकाच ठिकाणी जातात: एक, सोड, सोड, एक, सोड, सोड, एक, सोड. मग तेच पुन्हा, आणि सोळा भरतात. फिरायला लागलं की मी बटण बंद करते. कारण ती तीच ओळ आहे, नान्ना. मोराच्या मानेतली.

मोजायला मी चुकले नव्हते. माझं बोट पुढच्या ओळीवर बरोबर सरकत होतं. पण त्या ओळीचा तो तुकडा तुमच्या पियानोवर इतका सुरेख वाजला की पुढचं वाचवेना. तोंडानं मी तीच ओळ म्हणत राहिले. आठ वेळा, जाणूनबुजून. म्हणूनच सिस्टरसमोर मी तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तुम्हा दोघांना काय कळणार होतं, काहीही सांगता आलं असतं. शिक्षा माझी आहे हे मला माहीत होतं. तुम्हाला मात्र मी हे कधी सांगितलं नाही, दवाखान्यातही नाही, शेजारी बसून तुमची निळी नखं कापतानाही नाही.

आणि एक गोष्ट मला झोपू देत नाही. डोळे गेले होते, बोटं नव्हती गेली. एकच ओळ आठ वेळा बोटांखालून गेली आणि तुम्हाला कळलं नाही? पाचव्या पत्त्यापासून तुमचा पाय पावडीवर तालात पडत होता. मी पाहिला आहे. कळलं नव्हतं, तर मी तुमचे हात निळे केले. कळलं होतं, तर तुम्हालाही थांबवेना, आणि त्याची शिक्षा तुम्ही मला एकटीला दिलीत. ह्यातलं कुठलं जास्त सोसवेल ते मला ठरवता येत नाही.

हे पत्र मशीनच्या खोक्यात, थर्माकोलखाली ठेवते आहे. दुकानदाराची पावती मी आज सकाळी फाडली. तुम्ही काहीही म्हणालात तरी हे मशीन परत जाणार नाही. तरी मला उत्तर हवं. कळलं होतं की नव्हतं, एवढंच. तेलुगूत लिहिलंत तरी चालेल. वाचायला मी शिकले नाही, कुणाकडून तरी वाचून घेईन. पण लेखी हवं, आणि शनिवारी सहाच्या आत.