सासूबाईंच्या मिरचीला माझा डोस

३ ऑगस्ट, रविवार
सासूबाई भिवापूरहून येऊन मिरचीची सहा रोपं देऊन गेल्या. त्यांच्या घरचा जुना वाण. बी संपलं, होतं नव्हतं ते या रोपांत. आता बी धरायचं ते आमच्या बेसा भागातल्या घराच्या गच्चीवर. म्हणाल्या, "जवाईबापू, वीतभर झालं का शेंडा खुडा. मंग फांद्या फुटतात." हसू आलं. मी कॉलेजात बॉटनी शिकवतो. शेंडा खुडणार नाही.

५ ऑगस्ट
जिबरेलिन आणलं. वाढीचं हार्मोन. पुडीवर लिहिलंय, लिटरला चिमूटभर. ते सामान्य लोकांसाठी. मी पाव चमचा टाकला.

१४ ऑगस्ट
रोपं दीड फूट! कामिनीला गच्चीवर नेऊन दाखवली. बॉटनीवाल्याची बायको असूनही म्हणते, "वेलासारखी काहून दिसून राहिली?" डोस दुप्पट.

२ सप्टेंबर
वर्गात रिसेप्टर शिकवले, म्हणजे पेशीचे हार्मोन ऐकणारे कान. हार्मोन रिसेप्टरला चिकटलं की वाढीचा ब्रेक सुटतो. वेदिका नावाच्या मुलीने विचारलं, हार्मोन फार झालं तर? मी झोकात सांगितलं, झाड रिसेप्टरच कमी करतं, ऐकेनासं होतं. घरी आल्यावर आधी रोपं पाहिली, एकालाही फांदी नाही. शेंड्यातलं ऑक्झिन हे हार्मोन बाजूच्या फांद्यांचे डोळे फुटू देत नाही, हेही मीच शिकवतो. म्हणजे सासूबाईंचं बरोबर. उद्यापासून डोस बंद.

३ सप्टेंबर
एकदम बंद केलं तर झाडाला शॉक बसेल. शेवटचा डोस.

२१ सप्टेंबर
चार रोपं आडवी. उरलेल्या दोन्हींची फुलं गळाली. सासूबाईंचा फोन, "फुलं आली काय?" मी म्हटलं, भरपूर. गच्चीवर सदाफुली आहे, तेव्हा अगदीच खोटं नाही. जेवण गेलं नाही. फार वाईट वाटतंय. कामिनीला पुढच्या रविवारी सगळं सांगणार.

२८ सप्टेंबर, रविवार
कामिनीला सर्दी. अशा वेळी कशाला त्रास द्या?

२४ ऑक्टोबर
सासूबाई आल्या त्या थेट गच्चीवर. सहाही वाळक्या काड्यांपाशी बसल्या, एकेक मोडून पाहिली. डोळ्यांत पाणी. माझ्याने बघवेना. आता कबूल करायचंच म्हणून तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "माह्यंच बी जुनं झालं होतं, जवाईबापू. तुमची मेहनत वाया गेली. मले माफ करा."
मी म्हणालो, "असू द्या, आई."
म्हणजे मी त्यांना माफ केलं.