लाल मार्गावरचं मीठ

२८ डिसेंबर

जिना उतरताना ओरडले नाही. म्हणजे गुडघा बरा आहे!

कोच वेलिको सरांनी आज क्लबच्या भिंतीवर कागद चिकटवला. ऑलिंपिकला बायकांमधली एकच जागा देशाला मिळाली आहे, आणि दावेदार दोघी — मी आणि बिल्याना. गुण जवळजवळ सारखेच. ४ तारखेला वर्ल्ड कपची शर्यत इथेच, आमच्याच गावच्या उतारावर. त्यात दोघींपैकी जी पुढे जाईल ती ऑलिंपिकला जाणार. संपलं. इतकं सोपं!

बिल्यानाने कागद दोनदा वाचला. "ताई, आता आपण एकमेकींशी बोलायचं की नाही?"

म्हटलं, "बोल की. फक्त माझं बोर्डाचं मेण वापरायचं नाही."

हसली. एकवीस वर्षांची आहे. सात वर्षांची असताना तिला स्नोबोर्डवर पहिल्यांदा मीच उभी केली होती. तेव्हा नाक गळत असायचं तिचं, आणि पडली की मलाच शिव्या द्यायची.

मी तीस. बारा हिवाळे झाले, जुन्या गाडीच्या मागे चार बोर्ड टाकून देशोदेशी फिरतेय. सगळ्यात चांगला नंबर सहावा. गेल्या ऑलिंपिकच्या आधी खांद्याचं हाड मोडलं. त्याच्या आधीच्या वेळी गुण कमी पडले. ही शेवटची खेप. कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते — मला जायचंय. पदकबिदक राहू दे बाजूला. शर्यत सुटते त्या फाटकात मला उभं राहायचंय, एकदा तरी.

३० डिसेंबर

दुपारभर बोर्डाच्या कडा घासल्या. बोटाला कापलं. बाबा समोर बसून सिगारेट ओढत बघत होते. "डावी अजून बोथट आहे," म्हणाले. स्वतः आयुष्यात कधी बोर्डवर पाय ठेवला नाही, पण बरोबर होते!

उतारावर त्यांना तीस वर्षं झाली. शर्यतीचा मार्ग तयार करणाऱ्या टोळीत आहेत, आणि मीठ टाकायचं काम त्यांच्याकडे. बर्फ मऊ पडला की वर मीठ भुरभुरवायचं. आधी बर्फ ओला होतो, मग दगडासारखा धरतो, काही तास तरी. जास्त पडलं तर मात्र लवकर आतून खचतो. किती टाकायचं ते पंच सांगतात. पण हात बाबांचा. टोळीतले मानोलकाका म्हणतात, योर्दानचा हात आणि तराजू, दोन्ही एकच सांगतात.

१ जानेवारी

सकाळी गल्लीतली पोरंटोरं सजवलेल्या काठ्या घेऊन आली, पाठीत मारून वर्षाचा आशीर्वाद देऊन गेली. शेजारच्या चिमुरडीने पाठ सोडून गुडघ्यावर हाणली! "हा पण चांगला राहू दे," म्हणाली. आईने तिला दोन गोळ्या जास्त दिल्या. मी डोळ्यांत पाणी आणून हसले.

३ जानेवारी

वारा फिरला. दक्षिणेचा, गरम. छपरं गळायला लागली. नेमकं आत्ताच!

४ जानेवारी

हरले. उद्या लिहीन.

५ जानेवारी

लिहून टाकते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

सकाळची पात्रता फेरी झकास झाली. पाचवी आले! बिल्याना बारावी. आणि पाचवीची गाठ बारावीशी, म्हणजे पहिल्याच बाद फेरीत आम्ही दोघी समोरासमोर. शेजारी शेजारी दोन मार्ग, लाल आणि निळा, दोघी एकदमच सुटायच्या. जिचा सकाळचा वेळ चांगला, तिने मार्ग निवडायचा. म्हणजे मी.

मधल्या वेळेत टोळीने दोन्ही मार्गांवर पुन्हा मीठ टाकलं. धुकं आणि तो घाणेरडा वारा, टाकावंच लागलं. मी लिफ्टपाशी उभी असताना बाबा रिकामी बादली घेऊन शेजारून गेले. थांबले नाहीत. एवढंच म्हणाले, "रुमे, लाल घे."

वर फाटकापाशी कानातल्या रेडिओवर सरांचा आवाज. "रुमेना, निळा घे. लालचा खालचा भाग मला आवडत नाही."

म्हटलं, "बाबा लाल म्हणाले."

"तुझे बाबा कोच आहेत का?"

"सर, तीस वर्षं!"

आणि लाल घेतला.

वरचा अर्धा भाग — काचेसारखा! असा धरत होता की मला गाणंच म्हणावंसं वाटलं. बिल्याना डोळ्याच्या कोपऱ्यात मागे पडत चालली होती. मग वळणाच्या अकराव्या झेंड्याला बोर्ड आत गेला. खचलाच. खाली बर्फ नव्हता, ओली साखर होती. पडले नाही, पण वळण रुंद गेलं, पुढचंही गेलं. बिल्याना निळ्यावरून सरसर खाली. सत्तेचाळीस शतांश सेकंद.

तिने खाली पोचल्यावर हात वर केले नाहीत. माझ्याकडे बघून पुन्हा खाली बघितलं. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात वर कर ना गं! जिंकलीस ना!

त्या फेरीत लालवरच्या आठपैकी सहाजणी हरल्या. सगळ्यांनी वाऱ्याला दोष दिला.

बाबा घरी आले ते थेट तळघरात. जेवले नाहीत.

६ जानेवारी

बाबांचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाचा सण. आजचाच हवा होता! बोलावणं कुणालाच नसतं, म्हणून कुणाला येऊ नको म्हणायचीही सोय नाही. दहा वाजल्यापासून दार सताड उघडं. आईने भट्टीत भाजलेली बटाट्याची पोळी, डुकराचं मांस, आंबवलेला कोबी, सगळं मांडून ठेवलेलं. माझे डोळे सुजलेले. प्रत्येकजण आधी बाबांना मिठी मारणार, मग माझ्याकडे वळून मान वाकडी करून म्हणणार, "चालायचंच, पोरी." अकरा वेळा तरी ऐकलं. बाराव्याला चावले असते.

दुपारी बिल्याना आली. तिची आई आणि मोठा केक! केकवर बाबांचं नाव. मी दारातून बाजूला झाले. ती बाबांच्या गळ्यात पडून म्हणाली, "काका, शंभर वर्षं जगा!" बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ग्लास उचलला, परत ठेवला. मला वाटलं, माझ्यासाठी रागावलेत. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मानोलकाका. तोवर राकियाचे तीन प्याले पोटात. ताटातला कोबी चाखला आणि टेबलावर हात आपटून हसत सुटले. "योर्दान! कालच्या आदल्या दिवशी तू लालवर ओतलंस ना, एवढं मीठ तर तुझ्या बायकोने अख्ख्या पिंपभर कोबीत घातलं नसेल!"

काही जण हसले. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. मानोलकाकांना कळलं आपण काय बोललो ते, आणि ते एकदम हवामानाबद्दल बोलायला लागले.

बाबांच्या हाताचा अंदाज चुकत नाही. कधीच नाही.

पाहुणे गेल्यावर मी तळघरात गेले. बाबा कोबीच्या पिंपावर बसले होते.

"किती?"

"दुप्पट. फक्त लालवर. तुला कडक बर्फ आवडतो. तू पाचवी आलीस, मला माहीत होतं तूच निवडणार. वाटलं, तुझ्या फेरीपर्यंत टिकेल. वारा इतका वाढेल असं वाटलं नव्हतं मला."

मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं आठवत नाही. "मला लबाडीने जिंकवणार होतात?" हे आठवतं. "मी सहावी आले होते तेव्हा कुणी टाकलं होतं मीठ?" हेही. वर आईने रेडिओ मोठा केला.

बाबा म्हणाले, "तू किती वेळा रिकाम्या हाताने घरी आलीस. मला बघवत नव्हतं गं."

मी दार आपटून वर आले.

७ जानेवारी

त्यांच्याशी बोलले नाही.

८ जानेवारी

आजही नाही. गुडघा दुखतोय.

९ जानेवारी

सरांचा फोन. निवड समिती १२ तारखेला राजधानीत, सोफियाला बसणार. "रुमेना, ती फेरी मी वीस वेळा बघितली. तू अशी खचत नाहीस. मार्गात काही गडबड होती का? तुला काही माहीत असेल तर आत्ता बोल. लेखी दिलंस तर मी समितीपुढे भांडू शकतो."

फोन हातात धरून मी खिडकीतून बघत होते. अंगणात बाबा बर्फ ओढत होते. पाठीत जरा वाकलेत या वर्षी.

एक वाक्य बोलायचं होतं. एकच. आणि जागा कदाचित परत माझी! पण मग तीस वर्षांचं नाव जाणार. उद्यापासून गावात प्रत्येकजण म्हणणार, हाच तो मिठाचा योर्दान. आणि त्या बाकीच्या पाचजणी, ज्यांचं कुणाशीच काही घेणंदेणं नव्हतं, आणि हरल्या? त्यांचं काय? तेही मनात आलं. सगळं एकदम आलं.

"वारा होता, सर," म्हटलं.

"खरं?"

"खरं."

फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडले. मला जायचं होतं. मला जायचं होतं, मला जायचं होतं!

१० जानेवारी

बाबांना चहा दिला. घेतला. एवढंच.

११ जानेवारी

सकाळी उठले तर बाबा घरात नाहीत. कपाटातला कोट नाही — तो लग्नाकार्याचा काळा. आई म्हणाली, "सकाळच्या बसने सोफियाला गेलेत. विचारू नकोस, मलाही सांगितलं नाही."

मी विचारलं नाही. मला कळलं. बसच्या थांब्यापर्यंत धावत गेले, चपला घालून, बर्फातून! बस कधीच गेली होती. तिथली तिकीटवाली बाई म्हणाली, "तुझे वडील दाढी करून आले होते, कुणाच्या मयताला गेलेत का?"

१३ जानेवारी

बाबांनी समितीपुढे स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. शर्यत भरवणाऱ्यांनाही लेखी दिलं. वर्ल्ड कपचा निकाल आता बदलत नाही. पण त्यांना टोळीतून काढलं. आणि आमची दोघींची परत गाठ — १६ तारखेला, दोन फेऱ्या, मार्ग बदलून, दोन्ही वेळांची बेरीज. जी कमी, ती जाईल.

बाबा घरी आले, कोट नीट टांगला, म्हणाले, "मीठ दुसरा माणूस टाकणार. बोरिनो गावचा आहे. चांगला आहे तो."

मी त्यांचे ओले बूट शेगडीजवळ ठेवले.

संध्याकाळी बिल्याना आली. दारातच उभी राहिली, आत यायला तयार नाही. रागाने लाल! "ताई, मी जिंकले होते. मी काहीच केलं नव्हतं. मला का परत उतरायला लावता?"

"तुझं खरं आहे," म्हटलं.

"तुला माहीत होतं?"

"सहा तारखेपासून."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"नाही."

"कुणासाठी गप्प बसलीस? काकांसाठी?"

मी मान डोलावली. तिला काय समजायचं ते समजलं. रागाने बर्फाला लाथ मारली. मग म्हणाली, "मी तुला सोडणार नाही हं, ताई. ढील देणार नाही."

"दिलीस तर तंगडी तोडीन," मी म्हटलं. "आत ये, कोबी खाऊन जा."

नाही आली.

१५ जानेवारी

थंडी परत आली. वजा नऊ. मिठाची गरजच पडणार नाही बहुतेक! बाबा अंगणातून वाऱ्याचा अंदाज घेतात आणि मग एकदम आठवल्यासारखे घरात येतात.

डाव्या कडेला पुन्हा हात फिरवला. यावेळी त्यांनीच विचारलं, "बघू का?" बोर्ड दिला. अंगठ्याने तपासून परत दिला. "आता बरोबर आहे."

१६ जानेवारी

बिल्याना ऑलिंपिकला चालली. दोन्ही फेऱ्या मिळून एकवीस शतांशांनी. बर्फ दोन्हीकडे सारखा कडक होता आणि मी कुठेही चुकले नाही. आयुष्यात इतकी चांगली कधी उतरलेच नव्हते.

बाबा कुंपणाबाहेर, टोपी हातात धरून उभे होते. त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, "बाबा, मीठ नसतं तरी त्या दिवशी मी हरलेच असते. ती माझ्यापेक्षा वेगवान आहे हो."